पोटातलं कोकरू

माझ्या पोटात सध्या दोन स्वादुपिंडं आणि तीन किडन्या आहेत. नवीन बसवताना जुनं काढत नाहीत, पडीक रानासारखं तिथंच सोडून देतात आणि नव्याला खाली ओटीपोटात जागा करून देतात. राणीसावरगावच्या आजूबाजूच्या खेड्यांत एवढं सामान घेऊन फिरणारी मी एकटीच असेन. तेव्हा यापुढं कुणी मला "बिचारी रुपाली" म्हणालं तर आधी स्वतःच्या पोटात काय-काय आहे ते सांगावं.

येडबा आणि भिवराबाई या मेंढपाळ जोडप्याची मी थोरली. नवव्या वर्षी मला शुगर निघाली. ही म्हातारपणची शुगर नव्हे. या शुगरमध्ये शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर चालून जातं, आतले इन्सुलिन बनवणारे कण मारून टाकतं, आणि मग सुईशिवाय माणूस जगत नाही. हे मला ना शाळेनं सांगितलं ना दवाखान्यानं. पुढं हातात फोन आला तेव्हा मी वाचून काढलं. गावानं मात्र फुकटात सांगितलं होतं, "पोरीनं लय गोड खाल्लं." अरे, मेंढ्यांमागं रानोमाळ हिंडणाऱ्याच्या पोरीला गोड देत कोण होतं? तुम्ही?

इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात, मडकं घोड्यावर, घोडं कळपामागं. अशी सतरा-अठरा वर्षं काढली. शेवटी किडन्या गेल्या. परभणीला डायलिसिस सुरू झालं, तिथून कुणीतरी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं, तिथं नाव नोंदवलं. आणि एका दुपारी फोन आला की किडनी आणि स्वादुपिंड दोन्ही एकाच माणसाचं मिळतंय, निघा. कोण माणूस ते सांगत नाहीत. त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल ते मला कळतं. त्या घरासाठी मी रोज हात जोडते आणि ते कुणाला सांगत नाही. आता सांगितलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नर्स म्हणाली, शुगर एकशे दहा, इन्सुलिन बंद. मी तिला म्हटलं, परत बघा. तिनं परत बघितलं. मी म्हटलं, दुसऱ्या मशीनवर बघा. तिनं हात जोडले.

मग डॉक्टर माझ्या बाला समजावायला बसले. डॉक्टर तेलुगू आणि इंग्रजी कालवून बोलायचे. त्याचं मराठी करायला सिद्धोधन नावाचा मुलगा होता, मूळचा मानवतचा. ज्यांना असे अवयव बसवलेत त्या पेशंटांकडं लक्ष ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

"बाबा," सिद्धोधन म्हणाला, "शरीराला परकं कळतं. ते नव्या स्वादुपिंडावर हल्ला करतं. ते करू नये म्हणून ह्या गोळ्या. सकाळी-संध्याकाळी, बारा तासांच्या अंतरानं. जन्मभर."

बा डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवून ऐकत होता. एकदम त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजी असं म्हना की, मेंढी परकं कोकरू घेईना!"

"म्हणजे?"

"आरं, येका मेंढीचं कोकरू मरतंय. दुसऱ्या कोकराची माय मरती. हिच्या कासंत दूध हाय, त्याला भूक हाय. पर लावाया गेलं की मेंढी वास घेती अन देती धडक. मंग आमी काय करताव? मेल्या कोकराचं कातडं काढताव अन ह्या पोरक्याच्या अंगात घालताव. सदरा घातल्यावानी. मेंढी वास घेती, म्हनती मपलंच हाय. पाजती. तुमच्या गोळ्या म्हंजी त्ये कातडं."

सिद्धोधननं सांगितलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "करेक्ट! करेक्ट!" त्यांनी दोन नर्स बोलावल्या, एक शिकाऊ डॉक्टर बोलावला आणि बाला परत सगळं सांगायला लावलं. बानं यावेळी मेंढीचा आवाजही काढला. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा टाके धरून हसत होता.

मग डॉक्टरांनाही चेव आला. ते म्हणाले, "बाबा, तुम्हाला गंमत सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात शुगरचं एक पोरगं मरायला टेकलं होतं. डॉक्टरनं त्याच्या कातडीखाली स्वादुपिंडाचे तुकडे शिवले. कशाचे माहीत आहे? मेंढीच्या!"

बानं मायकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्याची छाती अशी फुगली की जणू ती मेंढी आमच्याच कळपातून गेली होती. "ऐकलं का? सुरुवात मेंढीपासून हाय!" मग हळू आवाजात, "पोरगं?"

"गेलं. तीन दिवसांत."

"कातडं न घालताच लावलं आसंल येड्यांनी."

"बरोबर. कातडं सापडायला पुढं कितीतरी वर्षं गेली."

डॉक्टर सांगत गेले. पुढं सत्तरेक वर्षांनी अमेरिकेत एका बाईला अख्खं स्वादुपिंड बसवलं, काही दिवस तिचं इन्सुलिन सुटलं, पण बाई वाचली नाही. मग चांगल्या गोळ्या आल्या, मग माणसं वाचायला लागली. मग कुणी म्हणालं, अख्खं कशाला, इन्सुलिनचे कण तेवढे चाळून घ्या आणि लिव्हरच्या नसेत सोडा, पोट कापायचं काम नाही. तेही जमलं.

"मंग मपल्या रुपीचं पोट कामून फाडलं?" बा कडाडला.

"किडनी बदलायचीच होती. आणि अख्खं बसवलं की जास्त टिकतं. आता तर ते कण प्रयोगशाळेत वाढवायला लागलेत."

"पेरून?"

सिद्धोधननं डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. "पेरूनच म्हणा, बाबा."

तेव्हापासून माझ्या स्वादुपिंडाचं नाव कोकरू पडलं. हैदराबादेत तीन महिने खोली करून राहिलो. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "हाऊ इज कोकरू?"

घरी आलो तेव्हा आमच्या घरावर वेडाची साथ आली. दुसरा शब्द नाही. माय जेवणाचं ताट पुढं ठेवायची आणि चारदा विचारायची, "आता सुई न्हाई ना? खरंच न्हाई ना?" मी न टोचता जेवायचे. जेवून झालं की उगाच अंगणात पळत सुटायचे. नवव्या वर्षापासून मी कधी मोजल्याशिवाय भाकरी खाल्ली नव्हती. आता भाकरी ही भाकरी होती, गणिताचा पेपर नव्हता.

एक दिवस बा गंगाखेडहून जिलेबी घेऊन आला. डॉक्टर म्हणाले होते, बेतानं चालेल. मी दोन कडी खाल्ली. मग अख्खी आळी आमच्या अंगणात बसून दोन तास वाट बघत राहिली. मला गर्दीत बसायचं नव्हतं म्हणून मी तोंडाला मास्क लावून ओट्यावर, ते सगळे खाली, जशी काही मी सभेची अध्यक्ष. मशीन काढलं. बोट टोचलं. एकशे चार.

"एकशे चाऽऽर!" बा ओरडला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. क्रिकेटमध्ये शतक झालं तरी एवढा गलका होत नाही.

आमच्या शेजारची सरजाबाई, माझी चुलत आत्या, अजून तिच्याच गाण्यावर. "गोड नगं खाऊ गं बाई. गोड खाल्ल्यानंच तर झालं व्हतं तुला."

"आत्या, बोट द्या."

"मला काय झालंय?"

"द्या तर."

दोनशे ऐंशी निघाली. अंगणात असा सन्नाटा पसरला की मेंढ्यांचा रवंथ ऐकू यावा. सरजाबाईनं मशीनकडं असं बघितलं जसं ते तिच्या सासरचं कुणी आहे. मग हळूच तोंडातली जिलेबी काढून पदरात ठेवली. मी हसले का? हसले. पोट धरून, नव्या-जुन्या सगळ्या अवयवांसकट हसले. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी दुष्ट आहे.

एवढ्या आनंदात एकच गोष्ट खुपत होती. माझे हात थरथरायचे. त्या गोळ्यांनी होतं असं, सिद्धोधननं आधीच सांगितलं होतं. चहाचा कप धरला की बशी वाजायची. गोळीच्या पाकिटाचा चकचकीत कागद फोडता यायचा नाही. कॅप्सूल उडून कधी चुलीकडं, कधी माठाखाली.

"आण इकडं," बा म्हणाला. त्याची बोटं जाड, पण अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू वळवून काढणारी. सकाळ-संध्याकाळ फोनचा गजर वाजला की बा आत जाऊन कॅप्सूल काढून आणायचा, माझ्या तळहातावर ठेवायचा, तांब्या पुढं करायचा. मी गिळायचे. मला ते आवडायचं. बाला त्याहून आवडायचं.

आणि खरंच थरथर कमी झाली. दोन-तीन आठवड्यांत बशी वाजायची थांबली. मी सुईत दोरा ओवून दाखवला. बा गालात हसला. मला वाटलं, कोकरू रुळलं.

गंगाखेडला रक्त द्यायचं, ते हैदराबादला जायचं, रिपोर्ट सिद्धोधनकडं. यावेळी रिपोर्टऐवजी त्याचाच फोन आला. माय भाकरी थापत होती, बा दारात काठीला तेल लावत होता.

"ताई, गोळ्या चुकल्या का?"

"एक नाही."

"नीट आठवा."

"गजर लावून खाते. आठवायचं काय त्यात?"

"रक्तात औषध जवळजवळ नाही. आणि लायपेज, स्वादुपिंडातला रस, रक्तात तिप्पट झालंय. म्हणजे शरीर स्वादुपिंडावर चालून गेलंय. शुगर अजून वाढली नसंल, ती शेवटी वाढते. पोट दुखतंय?"

दुखत होतं. सकाळपासून. मी कालच्या जिलेबीवर ढकललं होतं.

"तुमचं मशीन बिघडलंय," मी ओरडले. "मी खेड्यातली म्हणून काय मला गोळ्या खाता येत नाहीत? शहरातल्या पेशंटला विचारता का असं?"

मी फोन स्पीकरवर टाकला होता. दारातून बा शांतपणे म्हणाला, "बरोबर सांगायलाय त्यो. म्याच कमी करत आनलंय."

मायचा हात परातीत थांबला.

"काय?"

"आगं, कातडं किती दिस ठिवायचं? मेंढीनं कोकरू घेतलं की चार-पाच दिसांत कातडं काढावं लागतंय. न्हाई काढलं तर सडतंय, किडे पडतेत, चांगलं कोकरू मरतंय. तुझे हात कापायले व्हते. म्या वळखलं, कातडं सडायलंय. म्हून हळूहळू काढलं. आधी अर्धं, मंग समदं. बघ, हात थांबले का न्हाई?"

"पण मी तर रोज कॅप्सूल गिळतेय!"

"आत जवारीचं पीठ व्हतं."

फोनमधून सिद्धोधनचा आवाज आला, "अरे देवा."

"औषध फेकलं न्हाई म्या," बा घाईनं म्हणाला. "महागाचं हाय. चुन्याच्या डबीत ठिवलंय."

"मला सांगितलं का नाहीस?" मी उठून उभी राहिले.

बानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी मेंढपाळाच्या घरात जन्मलेच नाही. "मेंढीला सांगून कातडं काढतेत व्हय? तिला कळू द्यायचं नसतंय. कळलं की धडक देती."

मी काय-काय बोलले ते छापता येणार नाही. माय परात सोडून उठली, पिठाच्या हातानं तिनं बाच्या पाठीत दणका घातला, त्याच्या काळ्या घोंगडीवर पाच पांढरी बोटं उमटली. सिद्धोधन फोनमधून ओरडत होता, "भांडण गाडीत करा! आत्ता निघा!"

निघालो. भाड्याच्या जीपमध्ये पुढं बा, मागं मी आणि माय. उदगीरला बा मागं न वळता म्हणाला, "जन्मभर म्हनले व्हते डाक्टर, ठाव हाय मला. पर इन्सुलिनलाबी जन्मभरच म्हनले व्हते. सुटलं की त्ये."

ऐकायला ते बरोबर वाटलं. त्याचाच जास्त राग आला.

दवाखान्यात सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं. शरीराचा दंगा दाबायला ते लागतं, आणि त्यानं शुगर भडकते. तीनशे साठ. नर्स इन्सुलिनची सुई घेऊन आली आणि मी ती बघून लहान पोरासारखी रडले. सतरा-अठरा वर्षं मी त्या सुईला घाबरले नव्हते. आता घाबरले, कारण आता मला ठाऊक होतं की तिच्याशिवाय जेवण कसं लागतं. कोकरू राहतं की जातं, हे डॉक्टरही सांगत नव्हते. "वेट, वेट," एवढंच. मी बाला आत येऊ दिलं नाही. तो जिन्याखाली बसून राहिला. माय सांगायची, जेवत नाही. मी म्हणायचे, नको जेवू दे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, सिद्धोधनला घेऊन. सगळी हकिकत त्यांना कळली होती. मला वाटलं, आता अडाणी बापावर भाषण होणार. मी आधीच तोंड उघडलं.

"सर, तुम्ही करेक्ट करेक्ट म्हणून नर्स गोळा केल्या, त्याला मेंढीचा आवाज काढायला लावला. पण पुढं काय करतात ते विचारलं का? त्यानं कातड्याची अर्धीच गोष्ट सांगितली, तुम्ही अर्ध्यावरच टाळ्या दिल्या. आमच्याकडं पोरसुद्धा सांगेल की कातडं काढतात."

सिद्धोधन हे सगळं भाषांतर करेना. मी म्हटलं, कर. शब्दाला शब्द कर. त्यानं केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबांना बोलवा."

बा आला. दाढी वाढलेली, पागोटं हातात. माझ्याकडं बघेना.

डॉक्टर त्याच्यासमोर स्टुलावर बसले. "बाबा, चूक माझीसुद्धा आहे. तुमची मेंढी दूध पाजते, तिला माया येते, मग ती वास विसरते. शरीराला माया येत नाही. ते रोज नव्यानं वास घेतं. वीस वर्षांनीसुद्धा."

"येक दिस बी विसरत न्हाई?"

"एक दिवस नाही."

"लय वंगाळ मेंढी हाय," बा म्हणाला. "म्या बाजारात इकली आसती."

"ती मेंढी मी आहे, बा!"

"म्हून तर इकता येईना," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुझे हात कापायले व्हते गं. मला बघवंना."

मला हसू फुटलं. सलाईन लावलेलं, पोट दुखणारं, शुगर तीनशेवर आणि मला हसू. माय म्हणाली, पोरीला येड लागलं. मग तीही हसायला लागली, मग सिद्धोधन. बा रडतच होता आणि "काय झालं? काय झालं?" विचारत होता, त्यानं तर आणखीच.

लायपेज आधी थांबलं. मग उतरलं. स्टेरॉइड कमी केलं तशी शुगर खाली आली, आणि एका सकाळी नर्स सुई न घेताच आली. मी तिला म्हटलं, परत बघा. ती म्हणाली, "अम्मा, मी तुला ओळखते," आणि आधीच आणलेलं दुसरं मशीन खिशातून काढलं. दोन्हीवर एकशे आठ.

परत येताना रेल्वेनं आलो. दिवसाची गाडी, निम्मी रिकामी. लातूर रोड सोडल्यावर सूर्य कलला आणि माझ्या फोनचा गजर वाजला. बानं पाकीट काढलं, माझ्या डोळ्यांपुढं धरलं, माझ्या डोळ्यांपुढं फोडलं, कॅप्सूल उजेडाकडं धरून दाखवली. "बघ. हात न लावलेली." मग सगळ्या डब्याला म्हणाला, "जरा गप बसा, पोरगी गोळी घ्यायली."

समोर एक पँट-शर्टवाले गृहस्थ बसले होते. कशाची गोळी, म्हणाले. बानं सांगितलं. कुठं बसवलं, कसं बसवलं, इंग्लंडातल्या मेंढीसकट सगळं सांगितलं. गृहस्थांनी मला वरून खाली न्याहाळलं.

"चांगली ठणठणीत दिसतेय की. मग आता कशाला त्या गोळ्या? गरम पडतात. माझं ऐका, हळूहळू कमी करा."

बा उठून उभा राहिला. मी त्याला मेंढ्यांच्या मागं लागलेल्या लांडग्यावर ओरडताना ऐकलंय. त्यापेक्षा हे मोठं होतं.

"कमी करा? कमी करा म्हनतूस? तुला काय ठाव हाय रं? शिकलेला दिसायलास अन येड्यावानी बोलायलास! तुझी चड्डी कमी करू का हळूहळू? हितून परळीपस्तोर?"

गृहस्थ पिशवी उचलून वरच्या बाकावर चढले. बा खालून बोट नाचवत होता, "उतर खाली! उतर, तुला समजावून सांगताव! जन्मभर म्हंजी जन्मभर!" शेजारच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, माय त्याचा सदरा धरून ओढत होती. माझ्या तोंडात कॅप्सूल आणि पाण्याचा घोट, आणि आतून हसण्याचा असा लोंढा आला की पाणी नाकातून बाहेर.

बा गर्रकन वळला. गृहस्थ विसरला, सगळं विसरला. माझी हनुवटी धरली.

"गोळी? गोळी गेली का?"

मी तोंड उघडून जीभ बाहेर काढली. त्यानं वाकून नीट बघितलं, जिभेच्या खालीसुद्धा.

"गेली," त्यानं डब्याला सांगितलं.